दुसऱ्यानं सांगायचं

"पोवार, पेपरवर नावं किती आहेत?"

नलवडे सरांनी हे विचारलं तेव्हा माझ्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीचा अर्ज त्यांच्या पुढ्यात होता आणि पेनाचं टोपण उघडलेलं होतं.

"तीन, सर. मी, मुजावर आणि शिरगुप्पे मॅडम."

"तीन," म्हणत त्यांनी टोपण परत लावलं. "विभाग कुणाचा?"

"तुमचा, सर."

"मग?"

ते 'मग' मला पुरतं कळलं. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या दारावर जसा गणपती होता, तसं विभागातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शोधनिबंधावर डॉ. हिंदुराव नलवडे हे नाव असायचं. काम कुणाचंही असो. सत्तरच्या आसपास पेपर झाले होते त्यांचे, आणि त्यातल्या निम्म्यांची शीर्षकंही त्यांना धड सांगता आली नसती, असं आम्ही पोरं कॅन्टीनमध्ये म्हणायचो. माणूस दांडगा, आवाज त्याहून दांडगा. माझ्या मनात त्यांच्याविषयी भीती भरपूर होती, आदर काडीचा नव्हता.

"मॅडमचं ते टेबल असतंय म्हणे," सर म्हणाले. "एकमेकांविषयी बोलायचं. तू माझ्याविषयी बोल. 'सरांचं मोलाचं मार्गदर्शन लाभलं' एवढं म्हण. जड आहे काय?"

"नाही सर."

"मग टेबल होऊ दे. अर्ज काय, इथंच आहे. पळून चाललेला नाही."

अर्ज पळून जाणार नव्हता, पण मी जाणार होते. वडिलांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, शिष्यवृत्ती आहे तोवर शिक, ती बंद झाली की इचलकरंजीचं स्थळ. स्थळाचे यंत्रमाग होते आणि मला तेरड्याची फुलं मोजायची होती. सरांच्या एका सहीवर सगळं अडलं होतं.

आता हे टेबल काय प्रकरण, ते सांगते. शिरगुप्पे मॅडम शिरोळकडच्या. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजात आलेल्या. अंगानं काटकुळ्या, बोलणं कमी, गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोऱ्यात ओवलेलं भिंग. त्यांची एक रीत होती. पेपर लिहून झाला की पाठवायच्या आधी त्या सगळ्यांना प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाभोवती बसवत. मधे भडंगाचं पातेलं. मग एकेकानं आपल्या डाव्या हाताला बसलेल्यानं काय काम केलं ते सांगायचं. स्वतःविषयी अक्षर काढायचं नाही. शेजाऱ्याला तुमचं काम सांगता आलं तर तुमचं नाव राहिलं, नाही आलं तर गेलं. "आपल्याच तोंडानं आपली आरती कोण कमी करतंय?" त्या म्हणत. "दुसऱ्यानं सांगायचं. दुसऱ्याला दिसलं असेल तर ते काम."

मी तडक मॅडमकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं. माझा सहकारी अस्लम मुजावर तिथंच काचपट्ट्या पुसत होता. तो म्हणाला, "घाला की मॅडम नाव. एक नाव वाढल्यानं काय पेपर जड होतोय? हिचं लग्न तरी टळंल."

मॅडम हसल्या नाहीत. "वैजयंता, तू टेबलावर खोटं बोलायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "आणि तुझा अर्जही अडता कामा नये."

"मग करायचं काय?"

"सरांना सड्यावर नेऊ."

मुजावरच्या हातातली काचपट्टी पडता पडता राहिली.

मॅडम निघाल्यासुद्धा. त्यांच्या मागं आम्ही दोघं, बोकडं न्यावीत तसे. केबिनमध्ये शिरून त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सर, पेपर जायच्या आधीची शेवटची मोजणी रविवारी आहे. तुम्ही एक दिवस बसा आमच्यासोबत. म्हणजे टेबलावर पोवारला तुमच्याविषयी खरं काहीतरी सांगता येईल."

आता छप्पर उडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण छप्पर जागेवर राहिलं. डोळे उघडले तेव्हा सर मॅडमकडे बघत होते.

"मला सडा दाखवणार तुम्ही?" ते म्हणाले. "ही पोरं पाळण्यात होती तेव्हा मी त्या सड्यावर हिंडत होतो. किती वाजता निघायचं?"

सडा म्हणजे आमच्या तालुक्याच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. एरवी तिथं नुसता काळा दगड. पाऊस ओसरायला लागला की त्याच दगडावर मातीचा पापुद्रा धरून इतकी फुलं येतात की पाय कुठं ठेवावा कळत नाही. त्यातला तेरडा आमचा. या फुलाच्या मागच्या बाजूला बारीक वाकडी शेपटी असते, तिच्या टोकाशी मध. माशीनं समोरून फुलात शिरावं, मधासाठी आत तोंड घालावं, तेवढ्यात तिच्या पाठीला पराग लागावा आणि तो तिनं पुढच्या फुलाला नेऊन द्यावा, असा तो व्यवहार. आमचा पेपर सांगत होता की या सड्यावर हे काम लहान सातेरी मधमाशी करते. दोन हंगाम आम्ही तिवईवर ताठ बसून, हातातल्या काउंटरवर टिचक्या मारत या माश्या मोजल्या होत्या. माशी पाकळ्यांआड गेली की एक टिचकी.

रविवारी वडापच्या जीपनं पायथ्याशी उतरलो. सर पांढऱ्या बुशशर्टात, पॉलिश केलेल्या बुटांत आणि हातात छत्री. चढ चढताना त्यांचा भाता वाजत होता, पण थांबले नाहीत. वर पोचल्यावर मी त्यांना तेरड्याचा एक ताटवा दाखवला, काउंटर दिला आणि तिवई मांडून दिली.

सर तिवईवर बसले. तिवईनं क्षणभर विचार केला आणि एक पाय मोडून दिला.

सर कातळावर. छत्री एकीकडे, चष्मा एकीकडे. मुजावर एकदम आभाळात घारी शोधायला लागला. मी ओढणीचं टोक तोंडात कोंबलं. मला वाटलं, संपलं, आता इचलकरंजी. पण उठून सरांनी डबे गुंडाळून आणलेलं पोतं सोडलं, ते कातळावर अंथरलं आणि ताटव्याशेजारी कुशीवर आडवे झाले.

"झोपले," मुजावर माझ्या कानाशी पुटपुटला. "आता मार्गदर्शन घोरण्यातनं."

आम्ही आपापल्या ताटव्यांवर गेलो. मॅडम पलीकडच्या उतारावर होत्या. ऊन आलं, ढग आला, पुन्हा ऊन आलं. माझ्या टिचक्या चालू होत्या. सर हलत नव्हते. मधेच एकदा वाटलं, यांना काही झालं तर नाही ना, म्हणून बघायला गेले. सरांचा गाल पोत्याला टेकलेला, डोळे टक्क उघडे आणि नजर एका फुलाच्या बुडाशी. इतका निश्चल माणूस मी आमच्या विभागात कधी पाहिला नव्हता.

"पोवार," ते कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हेही मला त्याच दिवशी कळलं. "सकाळपासून किती मोजल्यास?"

"शंभराच्या वर गेल्यात सर."

"यातली एकबी आत गेलेली नाही."

मला समजेना. "सर, मी डोळ्यांनी बघितलंय. पाकळ्यांआड जातात."

"आड जातात. आत न्हाई जात. मॅडमना बोलव."

मॅडम आल्या. मुजावरही आला. सर झोपल्या झोपल्याच बोलायला लागले. "मॅडम, तुम्ही सगळे वरून बघताय. माशी पाकळीवर उतरती, पाकळीखालनं मागं जाती. तिथं शेपटीला भोक पाडलेलं आहे. त्या भोकातनं मध पिती आणि जाती उडून. परागाला ती शिवतसुद्धा नाही. मला एक सांगा, या तेरड्याला शेंगा कमी धरतात का?"

"कमी धरतात," त्या म्हणाल्या. "एवढ्या माश्या असून का, ते कळत नव्हतं. मी पावसाला दोष दिला होता. पेपरात तसंच लिहिलंय."

"पावसाला दोष द्यायला कुणाचं काय जातंय," सर म्हणाले. पण टोमणा नव्हता त्यात.

पुढचं मी आजही विसरलेले नाही. दोन हंगामांचं काम होतं ते, आणि कल्पना मॅडमची होती. समोर होता तो फुकट नाव लावून घ्यायला आलेला माणूस. आम्ही दोघं विद्यार्थी बघत होतो. त्या म्हणू शकल्या असत्या की सर, एका दिवसात काय कळतंय. त्याऐवजी त्यांनी पदर खोचला, गळ्यातलं भिंग काढलं आणि त्या ओल्या कातळावर सरांच्या समोर, त्याच फुलापाशी पालथ्या झोपल्या. फुलाच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मॅडम. माशी आली, गेली. दुसरी आली, गेली. मॅडम बघत राहिल्या. मग जाळीनं एक माशी धरली, भिंगाखाली तिची पाठ पाहिली. पाठीवर परागाचा कण नव्हता.

त्या उठल्या तेव्हा साडीवर छातीपासून गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"सर बरोबर आहेत," त्या आम्हाला म्हणाल्या. "आपण चुकलो. पेपर जाणार नाही."

मला रडू यायला हवं होतं. पण मला त्या चिखलानं भरलेल्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, खरं सांगते.

तेवढ्यात मुजावरनं घात केला. अगदी निरागस तोंड करून त्यानं विचारलं, "सर, म्हणजे ही काम न करता मध खाणारी. मग हिचं नाव पेपरात घालायचं का?"

मॅडमनी मान वर केली. सरांनी मुजावरकडे बघितलं, माशीकडे बघितलं. आणि पोत्यावर आडवा पडलेला तो दांडगा माणूस पोट धरून हसायला लागला. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"घालायचं की," ते म्हणाले. "चोर म्हणून घालायचं!"

मग भाकरी सोडल्या, मुजावरच्या आईनं दिलेला ठेचा निघाला. जेवताना सर बोलले ते सगळं जुनं. तरुणपणी याच सड्यावर पोतं टाकून झोपत, त्यांच्या गुरुजींनी शिकवलेलं की फुलाकडे फुलाच्या उंचीवरून बघायचं. "मग विभागप्रमुख झालो," ते म्हणाले, "आणि खुर्चीच्या उंचीवरून बघायला लागलो." एवढं बोलून ते भाकरीकडे वळले.

उतरताना त्यांनी मला हाक मारली. "तुझा तो अर्ज कुठं आहे?"

"तुमच्याच टेबलावर आहे सर."

"उद्या येऊन सही घेऊन जा. मोजणी पहिल्यापासून करायची म्हणजे मुदत लागणारच." आणि थोडं थांबून म्हणाले, "टेबलावर माझ्याविषयी काही बोलायची सक्ती नाही."

तो हंगाम संपायला अजून अवकाश होता. आम्ही नव्यानं बसलो. सगळ्यांनी दिवसभर कातळावर झोपणं शक्य नव्हतं, म्हणून मी पर्समधला छोटा आरसा फुलाखाली ठेवून बघितला. तिवईवर बसल्या बसल्या फुलाची मागची बाजू दिसायला लागली. मुजावर गावात जाऊन आरशांची पुडकी घेऊन आला, आणि दुकानदारानं त्याला 'लग्न ठरलं काय?' विचारलं. आरशांमुळे खरा कामकरी सापडला तो मुजावरलाच. निळ्या पट्ट्यांची, एकटी हिंडणारी माशी. भल्या सकाळी यायची, समोरून सरळ आत शिरायची आणि पाठीवर पांढरा पराग घेऊन निघायची. आमच्या जुन्या मोजणीत तिला कुणी विचारलंच नव्हतं, कारण तिची संख्या थोडी. सर दर रविवारी यायचे. स्वतःचं पोतं घेऊन. पॉलिशचे बूट जाऊन रबरी चपला आल्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी टेबल लागलं. पातेल्यात भडंग, वर कांदा-कोथिंबीर. सर दारात उभे होते. "बसू काय?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या विभागात त्यांनी परवानगी मागितलेली मी प्रथमच ऐकत होते. मॅडमनी खुर्ची दाखवली. ती नेमकी माझ्या डाव्या हाताला होती.

पहिल्यांदा मॅडम मुजावरविषयी बोलल्या. निळ्या पट्ट्यांची माशी, आणि ती एकदा सापडल्यावर खात्री होईपर्यंत त्यानं कुणाला न सांगितलेलं. मग मुजावर माझ्याविषयी बोलला. हा पोरगा कधी सरळ बोलायचा नाही, पण त्या दिवशी आरशाबद्दल बोलला, आकडेमोडीबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, "पेपर चुकला कळलं त्या दिवशी हिचं सगळं पणाला लागलेलं. ही रडली न्हाई. पहिल्यांदा म्हणाली काय, तर आता कुठल्या ताटव्यापासून सुरू करायचं." मी खाली मान घालून भडंग चिवडत बसले.

मग माझी पाळी. मी सरांकडे बघितलं. ते टेबलावरच्या आम्लाच्या डागाकडे बघत होते. निकालाची वाट बघत बसलेल्या पोरासारखे दिसत होते.

"सर तिवईवर बसले आणि तिवई मोडली," मी सुरुवात केली. मुजावर फिस्सकन हसला. "दुसरं कुणी असतं तर घरी गेलं असतं. सर आडवे पडले. आम्ही दोन हंगाम जे वरून बघत होतो ते त्यांनी एका सकाळी खालून बघितलं. माशी आत जात नाही हे त्यांनी बघितलं. शेंगा का कमी, हा प्रश्न त्यांनी विचारला. त्यानंतर ते प्रत्येक रविवारी आले आणि आमच्याइतकंच मोजलं. सर नसते तर हा पेपर चुकीचा छापून आला असता, आणि माझं नाव त्यावर पहिलं असतं. सरांचं नाव राहायला हवं."

मॅडमनी मान हलवली. मला वाटलं, आता सर मॅडमविषयी बोलतील. पण त्यांनी चष्मा काढला.

"परत एकदा सांग," ते म्हणाले.

तो हुकूम नव्हता, आम्हा सगळ्यांना ते कळलं. मी परत सांगितलं. शब्द न् शब्द, तिवईपासून. या वेळी मुजावर हसला नाही.

"सत्तर पेपरांवर माझं नाव आहे," सर म्हणाले. "त्यात मी काय केलं, हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं."

मग ते मॅडमकडे वळले. "आता मॅडम. मॅडमनी या पेपराची कल्पना काढली, पोरांना शिकवलं, हे सगळं आहेच. पण मी जे बघितलं ते सांगतो. त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर मी त्यांना चूक म्हणालो आणि त्या चिखलात झोपल्या. मी त्यांच्या जागी असतो तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी त्यांच्या जागी असतो तर पेपर गेला असता. चुकीचा. त्यांचं नाव राहायला हवं. माझं सगळ्यांत शेवटी घाला."

दिवाळीनंतर विभागातल्या कदम नावाच्या विद्यार्थ्याचा पेपर सरांकडे गेला. सरांनी स्वतःचं नाव खोडून तो परत दिला. कदम घाबरून आमच्याकडे आला, सर रागावलेत काय म्हणून. "सर म्हणाले, माझ्याविषयी तुझ्या टेबलावर काय बोलशील? मी म्हणालो, मोलाचं मार्गदर्शन लाभलं. तर खोडलंच नाव!"

पुढं माझी पीएच. डी. झाली, नोकरी लागली. इचलकरंजीच्या स्थळाला दुसरी चांगली मुलगी मिळाली. माझ्या प्रयोगशाळेतही आता एक लांब टेबल आहे आणि भडंग जयसिंगपूरहून येतं.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजच्या सभागृहात समारंभ होता. मॅडम पहिल्या रांगेत, भिंग गळ्यात. मुजावर सांगलीहून आलेला, त्याचे केस गेलेले आणि जीभ तशीच. पाहुण्यांनी परिचय वाचला. "सत्तरहून अधिक शोधनिबंधांचे लेखक," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

सत्काराला उत्तर द्यायला सर उठले. "एक दुरुस्ती आहे," ते म्हणाले. "सत्तर नव्हे. चार."

सभागृह हसलं. सरांचा विनय म्हणून आणखी टाळ्या पडल्या. सर टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले.

"चारच. तीन तरुणपणातले, आणि चौथा सड्यावर आडवं पडून केलेला."

पाहुणे हसत म्हणाले, "मग त्या चौथ्यात काय केलंत, तेवढं तरी ऐकवा सर!"

सरांनी मान हलवली. "आमच्याकडं स्वतःविषयी बोलायची रीत नाही." त्यांनी माईक हातात घेतला आणि सभागृहात नजर फिरवून मला शोधून काढलं. "डॉक्टर पोवार तिथं बसल्यात. त्या सांगतील."

मुजावरनं मला कोपरानं ढोसलं. मॅडम पहिल्या रांगेत वळून बसल्या. कुणीतरी माईक माझ्यापर्यंत आणून दिला. मी उठले, आणि तिवई मोडली तिथपासून सांगायला सुरुवात केली.